विजेला वशिला चालत नाही

शाळा म्हटली की वशिला आलाच. पहिल्या बाकावर कोण बसणार, स्नेहसंमेलनात शिवाजी कोण होणार आणि भाला धरून मागे कोण उभं राहणार, साहेब तपासणीला आले की उत्तर कोणाला विचारायचं, हे सगळं निव्वळ गुणवत्तेवर ठरतं असं वार्षिक अहवालात छापलेलं असतं. त्यावर तो छापणाऱ्याचाही विश्वास नसतो. या सबंध इमारतीत एकच गोष्ट अशी आहे, की जिला मॉनिटर कोण, ट्रस्टींचा नातू कोण आणि गणितात पुन्हा आपटलेला कोण याच्याशी काडीचं देणंघेणं नाही. ती म्हणजे वीज. तार नीट जोडली तर दिवा लागतो, नाही जोडली तर लागत नाही. "आमचाच मुलगा आहे, जरा बघा" असं सांगून आजवर एकही बल्ब पेटलेला नाही.

विजेचे प्रयोग मुलांना एवढे का आवडतात, याची शिक्षणशास्त्रात भारदस्त कारणं दिलेली आहेत. जिज्ञासा, हस्तकौशल्य, कृतीतून शिक्षण वगैरे. खरं कारण साधं आहे. या तासाला मोठ्या माणसांची फजिती बघायला मिळते. भूगोलाच्या तासाला सर म्हणाले की गंगा बंगालच्या उपसागराला मिळते, तर ती मिळते. गंगा काही वर्गात येऊन "मी नाही मिळत जा" असं म्हणणार नसते. विज्ञानाच्या तासाला सर म्हणतात, "आता दिवा लागेल," आणि दिवा लागत नाही. सरांचं न ऐकणारं कोणीतरी वर्गात आहे आणि त्याला अंगठे धरून उभं करता येत नाही, या दृश्याने पोरांना जो आनंद होतो तो कुठल्याही शैक्षणिक अहवालात मावणारा नाही.

आपल्याकडे विज्ञान प्रदर्शनाचं उद्घाटन समई लावून होतं. प्रमुख पाहुणे काडी ओढतात, डोक्यावरच्या पंख्याने ती विझते. दुसरी ओढतात, तीही विझते. मग "अहो, पंखा बंद करा!" असा पुकारा होतो आणि सगळ्यांच्या नजरा हॉलमधल्या स्विचबोर्डाकडे वळतात. या बोर्डावर कोणतं बटण कशाचं हे लिहून ठेवायची पद्धत नाही. शिपाईमामा पहिलं बटण दाबतात, माइक जातो. दुसरं दाबतात, व्यासपीठावरची ट्यूब जाते. तिसऱ्याने काहीच होत नाही, मागच्या वर्षीही झालं नव्हतं. शेवटी मागच्या रांगेतून आठवी 'ब'मधला एक पोरगा उठतो, सरळ बोर्डापाशी जातो आणि नेमकं बटण दाबून परत जागेवर बसतो. हॉलच्या दाराशी उभं राहायची शिक्षा त्याला वर्षभर झालेली असते आणि तेवढ्या वेळात त्याने बोर्डाचा सखोल अभ्यास केलेला असतो. प्रदर्शनातला विजेचा पहिला यशस्वी प्रयोग इथेच होऊन जातो. त्याला नंबर मिळत नाही.

समई एकदाची लागते आणि पाहुणे टेबलांकडे वळतात. पहिल्या टेबलावर हटकून कोयना धरण असतं. थर्मोकोलची भिंत, निळ्या जिलेटीन कागदाचा शिवसागर जलाशय, हिरव्या रंगात बुडवलेल्या लाकडाच्या भुशाचं घनदाट जंगल आणि पायथ्याशी वीजगृह. खऱ्या कोयना प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॅट आहे. टेबलावरच्या प्रकल्पाची सगळी भिस्त ९ व्होल्टच्या एका चौकोनी बॅटरीवर असते आणि ती धरणाखाली सेलोटेपने चिकटवलेली असते. मुलगी पाहुण्यांकडे न बघता, समोरच्या भिंतीवरच्या सुविचाराकडे नजर लावून म्हणते, "सर उंचावरून पडणाऱ्या पाण्यामुळे टर्बाइन फिरते आणि यांत्रिक ऊर्जेचे विद्युत ऊर्जेत रूपांतर होते सर." मग मगातून पाणी ओतते. टर्बाइनची पाती भिजतात, फिरत मात्र नाहीत. पण पलीकडच्या खेड्यात लख्ख उजेड पडतो. किंबहुना पाणी ओतायच्या आधीच पडलेला असतो, कारण टेबलाखाली बसवलेल्या धाकट्या भावाला बटण दाबायची घाई झालेली असते. या भावाने सकाळपासून ती बॅटरी जिवंत आहे की मेली हे अनेकदा जिभेला लावून पाहिलेलं असतं. ही परीक्षा अभ्यासक्रमात नाही. पण विजेबद्दल काही गोष्टी खुद्द अलेस्सांद्रो व्होल्टालाही जिभेनेच कळल्या होत्या, तेव्हा भावाला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

धरणाखाली लपवलेल्या बॅटरीलाही मोठी परंपरा आहे. १७४०च्या दशकात जर्मनीतल्या विटेनबर्गला गेऑर्ग मथियास बोस नावाचे प्राध्यापक होते. (आडनाव ऐकून कोलकात्याकडे बघू नये.) विजेचे खेळ करण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. एखाद्या देखण्या बाईंना विजेचा प्रवाह जमिनीत जाऊ न देणाऱ्या पाटावर उभं करायचं, घर्षणाच्या यंत्राने त्यांच्या अंगात वीज भरायची आणि जमलेल्या तरुणांना त्यांचं चुंबन घ्यायला बोलवायचं. ओठ जवळ गेले रे गेले की ठिणगी उडायची आणि तरुण मागच्या मागे सरकायचा. दुसरा खेळ याहून दिव्य. अंधाऱ्या खोलीत खुर्चीवर बसवलेल्या माणसाच्या मस्तकाभोवती संतांच्या चित्रात असते तशी प्रभावळ उमटल्याचं ते सांगत. युरोपातल्या भल्याभल्यांनी तो प्रयोग करून पाहिला. लंडनच्या विल्यम वॉटसन या शास्त्रज्ञानेही हात टेकले. कोणाच्याच डोक्याभोवती काही उमटेना. पत्रापत्री झाली तेव्हा बोस महाशयांनी सांगितलं की खुर्चीवरच्या माणसाच्या अंगात टोकं-टोकं असलेलं धातूचं चिलखत होतं. एवढा तपशील सांगायचा राहून गेला होता. आमच्या कोयनेच्या मुलीचंही तेवढंच राहून गेलेलं असतं. फरक इतकाच, की तिला त्यासाठी प्रथम क्रमांक मिळतो.

दुसऱ्या टेबलावर लिंबं. प्रत्येक लिंबात एक तांब्याची पट्टी आणि एक जस्ताचा मुलामा असलेला खिळा खुपसलेला, आणि एकाची तार दुसऱ्याला जोडलेली. शेवटी एक लाल एलईडी, जो लागलाय की नाही हे बघायला पाहुण्यांना दोन्ही हातांची ओंजळ करून आत डोकवावं लागतं. "लागलाय, लागलाय," असं ते म्हणतात. वयाच्या साठीनंतर माणूस असल्या गोष्टींत वाद घालत नाही.

या प्रयोगातली खरी गंमत कोणी सांगत नाही. एका लिंबातून मिळतो जेमतेम ०.९ व्होल्ट दाब आणि प्रवाह फार तर एक मिलीअँपियर. टॉर्चच्या साध्या बल्बला २.५ व्होल्ट आणि ३०० मिलीअँपियर लागतात. म्हणजे हिशेबाने एक बल्ब पेटवायला किमान नऊशे लिंबं हवीत, आणि उन्हाळ्यातला लिंबाचा भाव बघता तो उजेड घराण्याला परवडणारा नाही. शिवाय ती वीज लिंबाची नसतेच. झिजतं ते खिळ्यावरचं जस्त. जस्त आम्लात विरघळतं, त्यातून इलेक्ट्रॉन सुटतात, तारेतून तांब्याकडे जातात. लिंबू मध्ये आंबट तोंड करून बसलेलं असतं, एवढंच त्याचं काम. १८०० साली व्होल्टाने चांदीच्या आणि जस्ताच्या चकत्या एकावर एक रचल्या, मधेमधे मिठाच्या पाण्यात भिजवलेले पुठ्ठे घातले आणि जगातली पहिली बॅटरी केली. त्यात लिंबाचा पत्ताही नव्हता. तरीही तक्त्यावर ठसठशीत अक्षरांत 'लिंबापासून वीजनिर्मिती' असंच लिहिलेलं असतं. झिजायचं एकाने आणि नाव व्हायचं दुसऱ्याचं, हा धडा मुलांना सातवीतच मिळतो हे एका परीने बरंच आहे. पुढे नोकरीत जड जात नाही.

तिसरा प्रयोग सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत दगाबाज. केसांवर कंगवा घासायचा आणि कागदाचे कपटे उचलायचे. पुस्तकात हा प्रयोग कधीच फसत नाही, कारण पुस्तकातल्या मुलाच्या डोक्याला तेल नसतं. आपल्या मुलांना प्रयोगाच्या दिवशी, पाहुणे येणार म्हणून, आया नेहमीपेक्षा दुप्पट खोबरेल थापून पाठवतात. त्या डोक्यावर प्लॅस्टिकचा कंगवा कितीही वेळ घासला तरी कपटे हलत नाहीत. नंतर उचलले जातात, पण ते तेलाला चिकटून. त्यात हवा दमट असली तर कंगव्यावर जमा झालेला विद्युतभार बघता बघता निसटतो. त्यामुळे हा प्रयोग नागपूरला डिसेंबरात छान होतो आणि रत्नागिरीला जुलैत हात हलवत परत येतो. आपली प्रदर्शनं बहुतेक हिवाळ्यात भरतात, हे विज्ञानाचं नशीब.

मुलांच्या अंगावर वीज खेळवायचा हा नाद लंडनच्या स्टीफन ग्रेने लावला. हा गृहस्थ पेशाने रंगारी, कपडे रंगवणारा. म्हातारपणी धर्मादाय संस्थेच्या आश्रयाला राहिला आणि तिथे बसून सरळ उभ्या युरोपाला विजेचं वेड लावलं. १७३०च्या एप्रिलमध्ये त्याने आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा घेतला, त्याचं कपड्यांसकट वजन केलं (साधारण साडेएकवीस किलो भरलं), आणि कपडे वाळत घालायच्या, केसांच्या वळलेल्या दोऱ्यांनी त्याला आडवा टांगला. मग घासलेली काचेची नळी त्याच्या पायांजवळ नेली, तर तोंडाजवळ ठेवलेला पितळेचा वर्ख उडून त्याच्या चेहऱ्याकडे येऊ लागला. वीज पायाकडून डोक्याकडे गेली होती आणि दोऱ्यांतून निसटली नव्हती. कोणत्या वस्तूतून वीज वाहते आणि कोणत्या वस्तूतून वाहत नाही हे जगाला त्याच्या अशा प्रयोगांतून कळलं. त्या मुलाला काय वाटलं ते कोणी लिहून ठेवलेलं नाही. शास्त्रज्ञाला पुढच्या वर्षी रॉयल सोसायटीचं पहिलं कोप्ली पदक मिळालं. आज असा प्रयोग कोणी करू म्हणेल तर पालकसभेत त्यालाच टांगतील.

पुढच्या टेबलावर प्रश्नोत्तरांचा फळा असतो. डावीकडे प्रश्न, उजवीकडे उत्तरं, प्रत्येकापुढे एक स्क्रू आणि मागे तारांचं जंजाळ. एका तारेचं टोक प्रश्नाला लावायचं, दुसरीचं उत्तराला. उत्तर बरोबर असलं की दिवा लागतो. हा फळा फार हुशार दिसतो. पण त्याला भारताची राजधानी माहीत नसते, फक्त वरून तिसरा स्क्रू खालून दुसऱ्याला जोडलाय एवढंच ठाऊक असतं. मुलं हे पाच मिनिटांत ओळखतात. मग प्रश्न वाचायची गरज उरत नाही. "तिसऱ्याचं पाचवं, चौथ्याचं पहिलं" असं तोंडपाठ म्हणत ती सगळे दिवे लावून दाखवतात आणि पाहुणे त्यांच्या सामान्यज्ञानावर खूश होतात. दहावीच्या परीक्षेची तयारी याहून फार निराळी असते असं मला वाटत नाही. फळा करणाऱ्या मुलाने मागच्या बाजूच्या तारा चुकून भलतीकडे जोडल्या, की महाराष्ट्राचा राज्यप्राणी मोर होतो आणि राज्यफूल शेकरू. दिवा तरीही लागतोच. "दिवा लागला म्हणजे बरोबर असणार," असं पाहुण्यांच्या मागचे एक सर पुटपुटतात.

या सगळ्यांत माझी खरी माया आहे ती साध्या मोटरवर. अरविंद गुप्तांनी हिचा खूप प्रसार केला. कानपूरच्या आयआयटीतून इंजिनियर झालेला हा माणूस काड्यापेटीच्या काड्या, सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब आणि टाकाऊ डबे घेऊन मुलांत रमला. पुण्यात 'आयुका' या खगोलविज्ञान संस्थेच्या आवारातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी बरीच वर्षं कचऱ्यातून खेळणी केली आणि २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मोटरला लागतो एक सेल, दोन सेफ्टी पिना, जुन्या स्पीकरमधलं चुंबक आणि रिवाइंडिंगच्या दुकानातली तांब्याची तार. ही तार मागायला गेलं की दुकानदार विचारतो, "किती एचपीची मोटर जळली?" शाळेसाठी हवी आहे म्हटलं की तो हातभर तार फुकट देतो आणि वर पाच मिनिटं मोटरीविषयी समजावून सांगतो, जे बीएड झालेल्या माणसाला सहसा जमत नाही.

तार सेलभोवती दहा-पंधरा वेळा गुंडाळून वेटोळं करायचं. दोन टोकं दोन बाजूंना काढायची आणि पिनांच्या भोकांत अडकवायची. कळीचा मुद्दा पुढे आहे. तारेवर इनॅमलचा पातळ थर असतो, तो खरवडल्याशिवाय वीज आत शिरत नाही. एक टोक सगळीकडून खरवडायचं. दुसरं मात्र टेबलावर आडवं धरून फक्त वरच्या बाजूने. कारण दोन्ही टोकं पूर्ण खरवडली तर वेटोळं अर्धा फेरा पुढे जातं आणि उरलेल्या अर्ध्यात चुंबक त्याला मागे ढकलतं. ते जागच्या जागी थरथरत राहतं. अर्धं टोक न खरवडता ठेवलं की नेमक्या त्या अर्ध्या फेऱ्यात वीज बंद होते आणि वेटोळं आपल्याच वेगाने पुढे निघून जातं. सबंध शालेय जीवनात काम अर्धवट ठेवल्याचं बक्षीस मिळतं ते एवढ्या एकाच जागी.

आणि इथे विजेचा न्याय दिसतो. वर्गात पहिली येणारी मुलगी दोन्ही टोकं काचपेपरने आरशासारखी चकचकीत करते, कारण तिला कोणतंही काम अर्धवट ठेवायची सवय नाही. तिची मोटर थरथरते. ती आणखी घासते. मोटर आणखी थरथरते. तिच्या शेजारचा पोरगा ब्लेडने एक बाजू कशीबशी खरवडतो, कंटाळतो, खिडकीतून बाहेर बघतो, आणि त्याची मोटर गरगरा फिरायला लागते. तो स्वतःच दचकतो. मग ती मुलगी, आयुष्यात पहिल्यांदा, त्याला विचारते, "ए, तू काय केलंस?" त्याला सांगता येत नाही, कारण त्याने काही केलेलंच नसतं. दोघं मिळून टोकाला भिंग लावून बघतात तेव्हा कुठे उत्तर सापडतं. कारण तिला कळतं आणि फिरवायची कशी ते त्याला. वशिला नसलेल्या ठिकाणी माणसं अशी एकत्र येतात.

मुंबईत वरळीला नेहरू विज्ञान केंद्र १९८५ साली सुरू झालं, तेव्हापासून महाराष्ट्रातल्या शाळांच्या सहली तिथे जातात. बसमधून उतरताना बाई बजावतात, "कशालाही हात लावायचा नाही," आणि आत गेल्यावर जागोजागी बटणं आणि दांडे 'हात लावा' म्हणून बोलावत असतात. दोन्ही आज्ञा पाळायच्या कशा या पेचात एखादा गुणी मुलगा हात खिशात घालून सगळं केंद्र बघून येतो. विज्ञान केंद्रांतला सर्वांत लाडका पाहुणा म्हणजे व्हॅन डी ग्राफ यंत्र. रॉबर्ट व्हॅन डी ग्राफ यांनी त्याचा पहिला नमुना १९२९ साली प्रिन्स्टनला केला. आत एक पट्टा फिरतो आणि वरच्या पोकळ गोळ्यावर विद्युतभार साठवत जातो. दाब लाखांच्या घरात जातो, प्रवाह मात्र इतका किरकोळ की अंगाला इजा होत नाही. दिवाणखान्यातला बोर्ड नेमका याच्या उलट. तिथे व्होल्ट २३०च, पण तो जीव घेऊ शकतो. म्हणून घरी प्रयोग करायचे ते फक्त सेलवर, हे गोळ्याला हात लावण्याआधीच मुलांना दटावून सांगतात.

प्लॅस्टिकच्या पाटावर उभं राहून त्या गोळ्यावर हात ठेवला की डोक्यावरचे केस एकेक करून उठतात. प्रत्येक केसावर एकाच जातीचा भार, त्यामुळे केस एकमेकांपासून जमेल तितके लांब पळतात. मोकळ्या, नुकत्याच धुतलेल्या केसांच्या मुलीचा जयजयकार होतो. मग मुलांच्या आग्रहाखातर मुख्याध्यापक पाटावर चढतात. त्यांच्या डोक्यावर प्रयोगासाठी लागणारं साहित्यच नसतं. तरीही ते गोळ्यावर हात ठेवून गंभीरपणे उभे राहतात. कानांवरचे चार केस उभे राहतात आणि सबंध सहलीचे पैसे तिथे वसूल होतात.

माणसांची साखळी करून तिच्यातून वीज सोडायची, हा विजेच्या खेळांतला माझ्या मते सगळ्यांत मोठा खेळ. त्याची सुरुवात लायडनच्या बरणीने झाली. १७४६च्या सुमारास हॉलंडात पीटर फान मुशेनब्रूक यांनी पाण्याने भरलेल्या काचेच्या बरणीत वीज साठवली, बरणीला हात लावला आणि असा हिसका खाल्ला, की फ्रान्सचं राज्य देऊ केलं तरी पुन्हा हात लावणार नाही असं त्यांनी कळवून टाकलं. फ्रान्समध्ये ते वाचून लोकांना प्रयोग करायची सुरसुरी आली. आबे नोले या पाद्री शास्त्रज्ञाने पंधराव्या लुईसमोर १८० सैनिकांना हात धरून उभं केलं आणि बरणीचा झटका दिला. सगळे एकदम उडाले. ज्यांना कवायतीत एकाच वेळी पाऊल उचलणं जमत नव्हतं, त्यांना ते त्या दिवशी जमलं. पुढे पॅरिसच्या मठातल्या सुमारे दोनशे संन्याशांनाही त्याने तारांनी जोडून उडवलं. राजा मोठ्याने हसला म्हणतात. पण तो साखळीत नव्हता. प्रमुख पाहुण्यांनी अंतर राखून उभं राहायचं, ही प्रथा तेव्हापासूनची.

नंतर सिगो द लाफों नावाच्या शास्त्रज्ञाने साठ जणांची साखळी केली, तर झटका सहाव्या माणसापाशी अडला. पुन्हा केली, पुन्हा तिथेच अडला. मग कुजबुज सुरू झाली की या सहाव्याच्या पुरुषत्वातच काहीतरी खोट असणार. गोष्ट दरबारापर्यंत गेली आणि राजाच्या पदरी असलेल्या तीन नपुंसक गायकांना साखळीत उभं करण्यात आलं. तिघंही टुणकन उडाले. खूप शोधाशोध झाल्यावर कळलं की दोष पायाखालच्या ओल्या जमिनीचा होता. वीज तिथून परस्पर मातीत जात होती. तो बिचारा सहावा माणूस नुसता ओल्यात उभा होता आणि तेवढ्यावरून गावभर त्याची अब्रू गेली होती. विजेने त्याच्यात आणि इतरांत काही फरक केला नव्हता. तो सगळा माणसांनी केला.

आता बरणीचे झटके मुलांना देत नाहीत. हा खेळ सौम्य रूपात मी एका गावच्या शाळेत, सातवीच्या वर्गात पाहिला. बाईंनी पीव्हीसी पाइपच्या वीतभर तुकड्यात ९ व्होल्टची बॅटरी, दोन-तीन ट्रान्झिस्टर, एलईडी आणि एक बझर बसवला होता. पाइपच्या दोन टोकांना ॲल्युमिनियमची फॉइल गुंडाळली होती. दोन्ही टोकांना हात लावला की शरीरातून जो अत्यंत क्षीण प्रवाह जातो, त्यावर ट्रान्झिस्टर चालू होतात आणि दांडी पिंपिं करत उजळते. मुलांनी हात धरून गोल केला, दोघांनी दांडीची टोकं धरली.

"बाई, ह्याच्याशी माझी कट्टी आहे," एकजण म्हणाला.

"मग बट्टी करा. नाहीतर दिवा लागायचा नाही."

बट्टी झाली. पण दिवा लागला नाही, कारण मुलांची रांग जिथे संपत होती आणि मुलींची सुरू होत होती तिथे दोघंही हात पाठीमागे बांधून उभे होते. सातवीच्या वयात हा जगातला सर्वांत मोठा रोध असतो. बाईंनी डोळे वटारले तेव्हा मुलाने प्लॅस्टिकची पट्टी पुढे केली. तिने दुसरं टोक धरलं. दांडी गप्प. मग पेन्सिल आली. एका टोकाला शिसं, दुसऱ्या टोकाला रंग. दांडी गप्प. मग कोणीतरी कंपासपेटी दिली. पत्र्याचीच पेटी, आता तरी लागायला हवा. दोघांनी दोन बाजूंनी पेटी घट्ट धरली. दांडी गप्पच.

"बॅटरी संपली, बाई!"

बाईंनी एका हाताने दांडीची दोन्ही टोकं धरली. दांडी केकाटली. वर्ग विचारात पडला. पेटी पत्र्याची, पत्रा लोखंडाचा, लोखंडातून वीज जाते असं पुस्तकात छापलेलं. ती मुलगी पेटी उलटसुलट करून बघत होती. कोपऱ्यावर, जिथे पेटी रोज बाकावर आपटून निळा रंग उडाला होता, तिथे तिने अंगठा टेकवला आणि समोरच्याला म्हणाली, "तू पण तिकडं कोपऱ्यावर धर की!" त्याने धरलं आणि दांडी पिंपिं करून उजळली. सबंध वर्ग असा ओरडला की शेजारच्या वर्गातले गुरुजी दारात येऊन उभे राहिले. बाईंनी त्यांनाही गोलात घेतलं. दांडी होती तेवढ्याच आवाजात वाजत राहिली. सरकारी सेवाज्येष्ठतेने तिच्यात कणभर फरक पडला नाही.

मग नुसता दंगा. जेवणाच्या डब्याचं झाकण, सायकलची किल्ली, बाईंच्या हातातली काचेची बांगडी, खोडरबर, गुरुजींच्या चष्म्याची काडी, एकेक वस्तू मध्ये घालून झाली. सगळ्या वस्तू संपल्यावर, आणि हात दुखायला लागल्यावर, त्या दोघांनी नाइलाजाने एकमेकांना करंगळ्या लावल्या. दांडी लगेच वाजली. कोणी हसलं नाही, कारण तोवर सगळ्यांचं लक्ष दांडीकडे होतं.

प्रयोगवहीत साहित्य, कृती, निरीक्षण आणि निष्कर्ष असे चार भाग लिहायचे असतात. एरवी ते चारही भाग प्रयोगाच्या आदल्या दिवशी ताईच्या जुन्या वहीतून उतरवून तयार असतात. हा प्रयोग मात्र कोणाच्याच ताईने केलेला नव्हता. त्यामुळे नाइलाजाने पोरांना जे पाहिलं ते लिहावं लागलं. करंगळीवाल्या मुलाची वही मी मुद्दाम मागून घेतली. त्याने लिहिलं होतं : "निष्कर्ष – प्लॅस्टिकची पट्टी, काचेची बांगडी आणि कंपासपेटीचा रंग हे विजेचे दुर्वाहक आहेत. डब्याचे झाकण, उघडा पत्रा आणि मुली या सूवाहक आहेत."

बाईंनी लाल पेनाने 'मुली'च्या पुढे 'व मुलगे' एवढं वाढवलं आणि दहापैकी दहा देऊन सही केली. 'सूवाहक'मधला दीर्घ उकार दुरुस्त करायचा त्या चक्क विसरल्या.